चार सेकंदांची बाई

"थांबा, आता इथं बघा," म्हणत शिवकन्येनं लॅपटॉपवरची जाहिरात थांबवली.

केदारखेड्याच्या समाजमंदिरात पन्नासेक माणसं बसली होती. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, चादरीवर ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर मुंबईचा हिरो. निळा सदरा, लाल फेटा.

"तीस सेकंदांची जाहिरात आहे. त्यातले सव्वीस सेकंद हिरोचे. बाई चारच सेकंद दिसते, तीही बांधावर, डोक्यावर टोपलं घेऊन. बोलत न्हाई, काही करत न्हाई. नुसती बघते अन् हसते. अन् शेवटी अक्षरं काय येतात? 'मर्दाच्या हातात शोभणारा!'"

शिवकन्या जालन्याला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला होती. ही जाहिरात म्हणजे तिचा प्रकल्प. कॉलेजात त्यावर तिची वाहवा झाली होती, पण इथं मार्कांचा प्रश्न नव्हता. बायकांच्या बचत गटाला योजनेतून ट्रॅक्टर मंजूर झाला होता आणि तो कोण चालवणार हे आज ठरायचं होतं. शिवकन्येच्या आईला, आसराबाईला, ते काम हवं होतं. ते मिळालं नाही तर उद्यापासून पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपणी.

आसराबाईला ट्रॅक्टर येतो हे गावाला ठाऊक होतं. आष्टीला माहेरी, भावाच्या ट्रॅक्टरवर ती शिकली होती. पण येणं वेगळं आणि चालवू देणं वेगळं, एवढं शहाणपण गावापाशी होतंच.

"आमचं आसराशी काही वाकडं न्हाई," गटाच्या अध्यक्ष उषाबाई म्हणाल्या. "पन लोकाच्या रानात बांध मोडला तर भांडण गटाच्या बोकांडी. पुंजारामला ट्रॅक्टरची वीस वर्षांची सवय हाये."

पुंजाराम पुढच्याच सतरंजीवर मांडी घालून बसला होता. त्याला भांडण नको होतं, काम हवं होतं.

"पोरी, तुझं बोलणं बराबर हाये," तो म्हणाला. "पन ती जाहिरात जरा पुन्हा लाव. ट्रॅक्टर वळवतो ना, तिथून."

शिवकन्येनं लावली. पहाटेचं तांबूस ऊन, उडणारी धूळ. पाठमोरा हिरो नांगर घेऊन रानाच्या टोकाला आला. नांगर उचलला आणि एवढ्याशा जागेत ट्रॅक्टर गर्रकन वळवून तो पुन्हा नांगराच्या सरळ तासाला लागला. बांधाचं ढेकूळसुद्धा हललं नाही. मग हिरोचा चेहरा दिसला, स्टिअरिंगवर हात ठेवून हसणारा. मागून कोणीतरी शिट्टी मारली.

"बघा!" पुंजाराम म्हणाला. "नट असून काय हात हाये! मी इतके वर्षं चालवून राह्यलो, मला बिलकुल जमायचं न्हाई असं. बाईमाणसानं असा वळवून दाखवावा, मी सोताच्या हातानं आसराबाईला चावी देतो!"

सगळे हसले. उषाबाईही हसल्या.

शिवकन्येच्या डोक्यात तिडीक गेली. "हेच तर सांगून राह्यले मी! हिरो दिसला की तुम्ही टाळ्या वाजवता. ही जाहिरात आपल्याच नदीपलीकडं झाली ना? हिरो एक दिवस आल्ता, तर सगळं गाव फोटो काढायला पळालं. माझी माय चार दिवस गेल्ती. पहाटे पाचला निघायची, तेव्हा तिथं कुणाला दोरीच्या आत पाय ठेवू देत नव्हते. अन् जाहिरातीत ती कुठंय? कुठंच न्हाई. कापून टाकली तिला!"

बोलता बोलता तिनं मनगटानं डोळे पुसले. शूटिंग झालं तेव्हा ती बारावीला, जाफराबादला मावशीकडे होती. नंतर ही जाहिरात तिनं शंभरदा पाहिली असेल. प्रकल्प हे निमित्त, खरं तर ती आईला शोधत होती. बाजाराच्या गर्दीत, झाडाखाली, निदान एखाद्या कोपऱ्यात. आई नव्हती, आणि ते तिला फार लागलं होतं.

आईला विचारावं तर एकच उत्तर. "सही घेतलीय पोरी. तीन वर्षं त्यातलं कुणापाशी बोलायचं न्हाई." तसल्या सह्या गावातल्या पुष्कळांनी केल्या होत्या आणि दुसऱ्याच दिवशी पारावर सगळं सांगूनही टाकलं होतं. आसराबाई तेवढी शब्दाची पक्की निघाली.

"मंग ठरवायचं का?" उषाबाईंनी वही उघडली. "पुंजारामच्या बाजूनं हात वर करा."

हात वर होऊ लागले. दहा, बारा, पंधरा. शिवकन्येनं मान खाली घातली. आपण शहरातून शिकून आलो आणि आईचं हसं करून ठेवलं, असं तिला वाटलं.

"जरा थांबा, उषाबाई."

मागच्या भिंतीला टेकून बसलेली आसराबाई उठली. पदर सावरत, बायकांच्या मधून वाट काढत ती पुढं आली.

"शिवे, रडू नको. मला कुणी कापलं न्हाई." मग ती उषाबाईंकडे वळली. "त्या कागदाचे तीन वर्षं पोळ्यालाच सरले. पन म्हणलं, आपण होऊन कशाला गावभर सांगत फिरायचं."

कोणाला काही कळेना. वर गेलेले हात तसेच राहिले.

"पोरी, ट्रॅक्टर वळवतो तिथं लाव," आसराबाई म्हणाली. "हां, बास. थांबव."

ती चादरीजवळ गेली आणि हिरोच्या निळ्या पाठीवर तिनं बोट ठेवलं.

"पुंजारामभाऊ, इथं बघा. साहेबाचा सदरा मला लई ढगळ होऊन राह्यल्ता, म्हणून त्यांनी मागून चार टाचण्या मारल्त्या."