हौदातले मासे

"स्थानिक उदाहरण लिहिलंत की मार्क कापायची कुणाची हिंमत होणार नाही," अविनाश म्हणाला आणि त्याने पुस्तक मिटलं. समोर त्याची मुलगी मधुरा आणि तिच्या वर्गातली दुर्गा बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अकरावीचा पर्यावरणाचा पेपर होता.

अविनाश राखोलीच्या एका कापड रंगवणाऱ्या कंपनीत सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा प्रमुख होता. शिकवायचा मात्र झकास. सिल्वासाच्या त्या कॉलनीत रविवारी टीव्ही बंद ठेवून मुलींचा अभ्यास घेणारा दुसरा बाप नव्हता, आणि हे तोच अधूनमधून सांगायचा.

"जैवनिर्देशक म्हणजे काय?"

"ज्याच्या जगण्या-मरण्यावरून पाणी कसं आहे ते कळतं, तो जीव," दुर्गा म्हणाली.

"शाब्बास. आता उदाहरण. आमचं शुद्ध केलेलं पाणी नदीत सोडण्याआधी एका हौदातून जातं. हौदात रंगीत मासे आहेत. मासे मजेत, म्हणजे पाणी चांगलं. लिहा."

मधुराने लिहून घेतलं. दुर्गाने पेन खाली ठेवलं.

"काका, एक विचारू? पेपरचं नाही."

"विचार की."

"आमची चाळ तुमच्या कंपनीच्या खालच्या अंगाला आहे. नळाला पानी येतं न येतं. माय माझ्या लहान बहिणीला, उषीला, नदीवर नेऊन आंघोळ घालायची. तिच्या अंगावर फोड उठले, चिघळले, ताप बी आला. मग आम्ही नेनं बंद केलं. आता फोड सुकलेत. माय म्हने, साहेबांना विचार, परत नेऊ का?"

अविनाश सुखावला. साहेब म्हणून कुणी विश्वासाने विचारलं की तो नेहमीच सुखावायचा.

"अगं, मासे जगतात त्या पाण्यात! फोड उन्हाळ्याचे असतील. बिनधास्त ने म्हणावं. आत्ताच सांग आईला, मी सांगितलं म्हणून."

दुर्गाने तिथल्या तिथे फोन लावला. "माय, पानी चांगलं शे. साहेबनी सांगं. लई जाय उषीले नदीवर." फोन ठेवून ती मोकळेपणाने हसली आणि पुढचा धडा काढला.

तो धडा अर्धा झाला असेल, तेवढ्यात अविनाशचा फोन वाजला. फोन स्पीकरवर टाकून बोलायची त्याला सवय होती. साहेब किती कामात आहेत ते घरालाही कळायला नको का?

"साहेब, लोच्या झाला," प्लँटवरचा चिंधा बोलत होता. "हौदातले मासे परत मेले. सगळेच."

"उद्या प्रदूषणवाल्यांची पाहणी आहे आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"आपला प्लँट शुक्रवारपासून बंदच आहे ना. लाइटबिल फार येतं म्हनून तुम्हीच बंद करायला लावला. रंगाचं पानी तसंच चाललंय नदीला. त्यातलं हौदात शिरलं."

"बरं, बरं. हौद रिकामा कर, धुऊन घे, बोअरचं पाणी भर. मासे मी वापीहून आणतो, नेहमीच्या दुकानातून."

नेहमीच्या! दोन मुलींच्या देखत तो हे इतक्या सहज बोलून गेला, जणू कोपऱ्यावरून दूध आणायचं होतं. फोन ठेवल्यावर त्याने आधी गाडीची किल्ली शोधली.

दुर्गा घरी फोन लावत होती. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. तिने पुन्हा लावला.

"माय फोन खोलीत ठेवून जाते," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "नदीत पडंल म्हनून."

मधुरा उठून उभी राहिली. "बाबा, तुम्ही तिला ने म्हणालात."

"मासे मेलेत हे मला काय माहीत?"

"प्लँट बंद आहे हे तर माहीत होतं!"

"आवाज खाली. उद्या पेपर आहे तुमचा."

मधुराच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बापाची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा राग मोठा होता. तिने वहीतलं उदाहरण पेनने खरडून काढलं, कागद फाटेपर्यंत.

"गाडी काढा," ती म्हणाली. "राखोलीला चला. आत्ता."

अविनाशने घड्याळात पाहिलं. "राखोली एका टोकाला, वापी दुसऱ्या टोकाला. ते दुकान रविवारी दुपारी बंद होतं गं. हौदात मासे दिसले नाहीत तर उद्या माझी काय अवस्था होईल, कळतं का तुला? दुर्गा, तुला मी रिक्षा करून देतो. पटकन पोचशील. काही होत नाही एका आंघोळीने."

आणि त्याने खरोखरच खिशातून पाकीट काढलं.

दुर्गाने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची पुस्तकं टेबलावरच राहिली. दारात तिने चपला पायात सरकवल्या.

"मासे वापीला भेटतील काका," ती म्हणाली. "आमची उषी कुठल्या दुकानात भेटंल?"