एका रात्रीतला रस्ता

सकाळपासून गुरम्मा चारदा ओढ्यावर जाऊन आली होती. दुखवट्याच्या घरातली बाई, त्यात गेलेल्याची आई, अशी गावभर हिंडत नाही. पण तिला धरून कोण ठेवणार? बायका खांद्याला धरून खाली बसवायच्या. "बसते की," म्हणायची, आणि पदर सावरून पुन्हा दाराबाहेर.

ओढ्यावर बघण्यासारखं होतंही. सहा दिवसांमागं पुरानं पूल नेला होता. पूल कसला, चार नळे आणि वर डांबराचा थर. तेव्हापासून गाव टेकाडावर अडकून पडलं होतं. मदतीच्या नंबरावर फोन केला, तर पलीकडच्या बाईनं गोड आवाजात विचारलं, "तुमच्या घरांत पाणी शिरलंय का? नाही ना? मग बोट कशी पाठवणार?" रस्त्याचं विचारलं, तर कागद वर गेलाय म्हणाली. मग परवा सीमेवरून गुरम्माच्या उमाशंकरची बातमी आली. अंत्यविधीला मंत्री येणार असं ठरलं. कागद वरून खाली आला की नाही कोण जाणे, पण एका रात्रीत चाळीस डंपर मुरूम ओढ्यात पडला, रोलर फिरला. दोन्ही कडांना चुन्याच्या रेघासुद्धा ओढल्या.

उमाशंकरचाही कागद वरच गेला होता. पंधरा दिवसांमागं फोनवर हसत म्हणाला होता, "अव्वा, चौकीवर नुसता पत्रा हाय बघ. त्याच्यापरीस आपला गोठा बरा. सिमेंटचं छप्पर मागितलंय आमच्या साहेबानं, बघू कवा येतंय." टीव्हीवर लढाई जिंकल्याचे पेढे वाटून झाले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोफेचा गोळा त्या पत्र्यावर पडला.

आता मात्र सरकारनं काही कमी ठेवलं नव्हतं. शाळेच्या मैदानात चौथरा बांधला होता, त्याच्याजवळ चंदनाची लाकडं रचली होती. गुरम्माचा नवरा माणिकप्पा हात जोडून तालुक्याच्या साहेबांपुढं उभा राहिला. "साहेब, आमच्यात जाळत न्हाईत. बसवून माती देतेत."

साहेब गोंधळले. यादीत चंदन होतं. "बरं, माती द्या," ते म्हणाले, "पण पेटी उघडायची नाही. तसं वरून आलंय."

बंद पेटीतल्या लेकराला बसवायचं कसं, हे यादीत नव्हतं. माणिकप्पा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला. गुरम्मा पाचव्यांदा ओढ्याकडं निघाली.

अलीकडच्या काठावर शेजारच्या व्यंकटचा ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत गादी टाकून त्यानं आपल्या आईला, सरजाबाईला निजवलं होतं. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. हप्त्यातून दोनदा उदगीरला डायलिसिसला न्यावं लागायचं. पुरात दोन खेपा चुकल्या होत्या. तोंड सुजून डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, आणि श्वास तर नुसता गळ्यातल्या गळ्यात चालला होता.

"ताफा येईस्तोवर रस्ता बंद," पोलीस सांगत होता. "मुरूम ओला हाय. चाकोऱ्या पडल्या तर माझ्यावर येईल."

"आन् माझी माय?" व्यंकट ओरडला. "सहा दिवस रस्ता नव्हता म्हणून थांबलो. आज रस्ता हाय म्हणून थांबू?"

"मला कळून नाही राहिलं का, भाऊ? वरून हुकूम हाय."

सरजाबाईनं गुरम्माला ओळखलं. "आलीस का हितंबी," ती दम खात म्हणाली. "नांदायला आल्यापासून भिंगरी हायेस मेली. जा, घरी बस. आजचा दिस तुझ्या लेकराचा हाय. मी काय, जाईन उद्या."

गुरम्मानं तिच्या पायाला हात लावून बघितला. बोट दाबलं तिथं खळगा पडला, आणि तसाच राहिला.

एवढ्यात पलीकडं सायरन वाजला. झेंडूच्या माळांनी झाकलेला लष्कराचा ट्रक उतारावर आला. त्याच्या मागं गाड्यांची रांग पार वळणापर्यंत. रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. तालुक्याचे साहेब गुरम्माजवळ आले, आवाज मऊ करून म्हणाले, "आई, ताफा आत येऊ द्या. सलामी होईल, दोन-चार भाषणं होतील, माती होईल. गाड्या परत गेल्या की पहिला हाच ट्रॅक्टर सोडतो. फार तर पाच वाजतील."

चुन्याच्या दोन रेघांच्या मधून गुरम्मा सरळ चालू लागली. पोलिसानं हात आडवा केला आणि मागं घेतला. आज या बाईला अडवायची कुणाची छाती नव्हती. पलीकडं कॅमेरे लागले होते.

रस्त्याच्या मध्यावर ट्रक तिच्यापुढं येऊन थांबला. ड्रायव्हर उमाशंकरच्याच वयाचा होता. त्यानं इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"मागं घ्या," गुरम्मा म्हणाली. "सगळ्या गाड्या. आधी ट्रॅक्टर जाऊ द्या."

साहेब धापा टाकत तिच्यामागं पोचले. "आई, काय करताय हे? आत तुमचा मुलगा आहे! मंत्रीसाहेब गाडीत खोळंबलेत. आधीच किती उशीर झालाय!"

गुरम्मानं एक हात ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. दुसऱ्या हातानं काठावरच्या ट्रॉलीकडं दाखवलं.

"ह्याला तुमचा उशीर होऊन गेलाय, साहेब. तिला अजून न्हाई झाला."