सुधींद्रची दुसरी जाहिरात

“फोटो बदलायचा नाही,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “हाच त्याचा शेवटचा.”

सौम्याने मान डोलावली. सरस्वतीपुरममधल्या त्या दोन टेबलांच्या ऑफिसातून ती दुकानांच्या, दवाखान्यांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळायची. ही जाहिरात वेगळी होती. शकुंतलाबाईंचा मुलगा सुधींद्र चार वर्षांपूर्वी सकाळी कामावर म्हणून निघाला, तो परतलाच नाही. गेल्या महिन्यात कुणीतरी त्याला हुणसूरच्या बसस्टँडवर पाहिलं म्हणे.

पहिली जाहिरात तीन तासांत बंद पडली होती. कुणीतरी तक्रार केली आणि खातंच गेलं. त्यात आता नियम आणखी कडक झाले होते. नवं खातं उघडताना शकुंतलाबाईंना आधार कार्ड द्यावं लागलं, कॅमेऱ्यासमोर चेहरा डावी-उजवीकडे वळवावा लागला. पुन्हा तक्रार खरी ठरली तर तिसरं खातं मिळणार नव्हतं. शिवाय सौम्याकडची बाकीची अकरा खातीही अडकली असती.

“कोण करतंय ते मला गोत्तु आहे गं, पक्कं ठाऊक आहे,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “आमचे मानाजीभावजी. सुधींद्र आला तर घरातला वाटा द्यावा लागेल ना!”

“बघू या, काकू.” सौम्याने बटण दाबलं.

साडेअकरापर्यंत दोनशे लोकांनी जाहिरात पाहिली. बारापर्यंत सातशे. शकुंतलाबाई खुर्चीच्या कडेवर बसून आकड्याकडे बघत होत्या. समोरची कॉफी तशीच होती.

साडेबाराला पडद्यावर पिवळी पट्टी आली. तक्रार आली आहे. जाहिरात थांबवली आहे. तपासणी सुरू.

शकुंतलाबाईंनी फोन उचलला, दिराला लावला आणि स्पीकर चालू केला.

“भावजी, माझ्या लेकराची जाहिरात का बंद पाडता?”

पलीकडे गाड्यांचा आवाज होता.

“अय्यो, वहिनी! मी हुणसूरला आहे. सकाळपासून बसस्टँडवर उभा राहून त्याचा फोटो दाखवतोय लोकांना. तुम्हाला सांगितलं नाही, उगाच आशा लागेल म्हणून.”

शकुंतलाबाईंनी फोन हळूच ठेवला.

“मग कोण गं?”

सौम्याने अपील लिहिलं. पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडली, आईचं ओळखपत्र जोडलं. एका आईची जाहिरात आहे, फसवणूक नाही, एवढंच लिहून पाठवलं.

वीस मिनिटांनी उत्तर आलं. सौम्याने ते एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

“काय म्हणतात? मोठ्यानं वाच.”

“काकू, थोडं पाणी घ्या आधी.”

“वाच म्हणते ना!”

सौम्या वाचू लागली. “तुमचं अपील नामंजूर. जाहिरात कायमची बंद करण्यात येत आहे. तक्रारदाराने आपलं ओळखपत्र आणि आज काढलेला स्वतःचा फोटो दिला आहे. तो तुमच्या जाहिरातीतल्या चेहऱ्याशी जुळतो.”