कोळशाचं इंजिन

इंजिन अखेर पेटलं. पंख्याचा झोत नळकांड्यात घुसला, जाळीच्या टोपलीतला कोळसा लाल झाला, मग पांढरा, आणि मागच्या तोंडातून ज्वाळेची लांब जीभ बाहेर पडली. वारज्याच्या पुढे, खडकवासल्याच्या वाटेवरच्या त्या शेडचे पत्रे थडथडू लागले. कल्याणीने कान दाबून धरले. हे इंजिन तिने आखलं होतं. त्यात तेल नाही, फिरणारा भाग नाही. विमानाच्या वेगानेच हवा आत शिरायची आणि कोळसा जळत राहायचा.

परदेशी पाहुणा मान डोलावत होता. त्याच्या देशात युद्ध चालू होतं. तेल संपत आलं होतं, कोळसा मात्र हवा तेवढा होता. वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानांसाठी त्याला हे इंजिन हवं होतं.

तेवढ्यात टोपलीतले निखारे फुटले. जळते तुकडे कुंपणापलीकडे उडाले आणि शेजारच्या इंदुबाईंची कडब्याची गंजी भडकली.

कल्याणी धावली. इंदुबाई गंजीपाशी बांधलेल्या वासराचं दावं सोडवत होत्या. त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला, पण वासरू सुटलं. दोघींनी हौदातलं पाणी बादल्यांनी उपसून आग विझवली. वासराचे जळलेले केस घाण वास मारत होते.

"मावशी, दवाखान्यात चला."

"आधी याला बघू दे," इंदुबाई वासराला कुरवाळत म्हणाल्या.

कल्याणी खोकत शेडमध्ये परतली. "सर, चूक माझी आहे. निखारे अडवायला मागे जाळी बसवते, मग..."

मालक अनिरुद्धने तिला हातानेच थांबवलं. पाहुणा मोबाइलवर गंजी पेटतानाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. त्याने इंग्रजीत हळूच विचारलं, तुकडे उंचावरून पडले तर वाटेत विझतात का?

"नाही विझत," अनिरुद्धने सांगितलं. मग कल्याणीकडे वळून मराठीत म्हणाला, "जाळी बसवू नका. त्यांना असंच हवंय. विमान जाईल त्या वाटेवर खाली जे असेल ते पेटेल. वेगळा बाँब नको."

"खाली गावं असतात, सर."

"आपण इंजिनं करतो, भूगोल नाही. पुढच्या चाचण्या त्यांच्याकडेच होतील. चला जेवायला, पुऱ्या गार होतायत."

पाहुण्याने अभिनंदनासाठी हात पुढे केला. कल्याणीने काही कळायच्या आत तो हातात घेतला. तिच्या हाताची राख त्याला लागली. त्याने हसत रुमाल काढला आणि एकेक बोट पुसलं.

ती बाहेर धावली आणि कुंपणाला धरून भडाभडा ओकली.

इंदुबाईंनी ते बघितलं. भाजलेला हात अंगाजवळ धरून दुसऱ्या हाताने त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"चूळ भर, पोरी. धूर गेला आसंल पोटात." त्यांनी शेडकडे पाहिलं. "आता पुन्ना नाय ना पडायचे इस्तू?"

कल्याणीने चूळ भरली. मान वर केली नाही.

"इथं नाही, मावशी," ती म्हणाली.