ध्रुवाची जागा

तारांगणाच्या काळोखात ऋजुताने रोजच्यासारखी ध्रुवबाळाची गोष्ट सांगितली. तो रुसून रानात गेला, त्याने तप केलं, देवाने त्याला अढळपद दिलं. सावत्र आईचा भाग मात्र आज तिने गाळला. पहिल्याच रांगेत मिहिका बसली होती, ऋजुताच्या नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची सात वर्षांची मुलगी. उद्या तिला वसतिगृहात सोडायचं होतं, आणि ते नवऱ्याच्या डोक्यात ऋजुतानेच भरवलं होतं.

“पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो,” असं म्हणत तिने घुमटावरचं आकाश हजारो वर्षं पुढे पळवायला सुरुवात केली. “त्यामुळे उत्तरेची ही जागासुद्धा ध्रुवाची कायमची नाही. बारा हजार वर्षांनी तिथे अभिजित हा दुसराच तारा असेल.”

“काकू,” मिहिका अंधारातून म्हणाली, “त्याला बाबांच्या मांडीवरून कोणी ढकललं, ते सांगायचं राहिलं.”

सहलीला आलेल्या पोरांची कुजबुज थांबली.

“आणि आता तिथूनही काढणार त्याला? मग त्याने जायचं कुठे?”

माईक तसाच टाकून ऋजुता चाचपडत धावली आणि मिहिकासमोर फतकल मारून बसली. “उद्या जायचं नाही, बाळा. बाबांना मी सांगते. कुठ्ठे जायचं नाही. ये, माझ्या मांडीवर ये.”

मिहिका जागची हलली नाही. ती वर बघत होती. आकाश थांबवायचं राहूनच गेलं होतं, आणि ध्रुव आपल्या जागेवरून केव्हाच सरकला होता.