टाकीची भूक

"शेण? लाडकीताई, तुम्ही टाकीत शेण घातलंत?"

सुदर्शननं टाकीतल्या काल्यानं माखलेला हात तसाच कपाळावर मारून घेतला. सूर्यमाळच्या आश्रमशाळेत लाडकी पंधरा वर्षं रांधतेय, पण असं तिच्यावर कुणी ओरडलं नव्हतं.

"घातलं. दोन पाट्या. आमच्याच गायीचं, ताजं हाय."

"ताजं!" सुदर्शन मटकन ओट्यावर बसला. जव्हारचा हा इंजिनीअर पोरगा. महिन्यापूर्वी त्यानंच स्वयंपाकघरामागे टाकी बसवली होती. ताटातलं खरकटं आत घालायचं, ते बंद टाकीत आंबतं, त्यातून हायड्रोजन निघतो आणि त्यावर शेगडी पेटते. पहिले काही आठवडे जव्हारच्या खाणावळींतून खरकट्याची पिंपं आली, तेव्हा शेगडी कशी झकास चालली. पुढचं खरकटं शाळेतूनच मिळायचं होतं.

"अहो, टाकीला विरजण म्हणून घातलेलं शेण मी तासभर उकळून घेतलं होतं. त्यात गोबरगॅस करणारे जंतू असतात, ते आपला हायड्रोजन खाऊन टाकतात. ते मारून हायड्रोजन करणारे तेवढे ठेवले होते. तुम्ही त्यांनाच परत आत सोडलंत!"

लाडकीला आता खरंच वाईट वाटलं. "मला काय ठावं? तुमीच सांगितलं, आत बारीक जीव हायेत, रोज खाया लागतं. तीन दिस उपाशी होते. मला बघवंना."

"उपाशी? मग खरकटं कुठं जातं?"

लाडकीनं नुसतं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. पोरांची पंगत उठत होती. ऐंशी ताटं, एकात शीत सापडेल तर शपथ. शेवटची रविना ताट तोंडाला लावून डाळ पीत होती, आणि चार जणी पातेल्याच्या बुडाची खरपुडी मागायला उभ्या होत्या.

तेवढ्यात सुदर्शनचा फोन वाजला. ठाण्याहून प्रकल्पाचे मोठे साहेब. त्याचे हात अजून टाकीतल्या काल्यानं माखलेले, म्हणून लाडकीनंच त्यानं दाखवलेलं बटण दाबून फोन मोठ्या आवाजात ओट्यावर ठेवला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. शेणाचं तर हसण्यावारी नेलं. "विरजण नवं लावू हो. पण खरकटंच निघत नसेल, तर टाकी उद्याच जव्हारच्या हॉटेलवाल्यांकडे हलवावी लागेल. स्वयंपाकीणबाई आहेत का तिथं? बाई, मुलांना जरा जास्त वाढा ना. तांदूळ मी पाठवतो. मग उरेल आपोआप."

लाडकीनं चुलीमागच्या काळ्या भिंतीकडे पाहिलं. महिनाभर तिनं फुंकणी हातात धरली नव्हती. डोंगरातून मोळी आणली नव्हती, धुरानं डोळे सुजले नव्हते. असलं सुख तिनं जन्मात बघितलं नव्हतं. नुसतं 'होय' म्हटलं की शेगडी राहणार होती. तिचा जीव अगदी तुटला.

मग ती फोनजवळ वाकली आणि ठाण्यापर्यंत ऐकू जाईल अशी मोठ्यानं बोलली.

"धाडा सायेब, आजच धाडा. वाढते मी. पण उरायचं नाय. पोरां खातील."