वरच्या कोर्टाचा निकाल

शिवाजी पेठेतल्या त्या बोळात अनुजा सरनाईक शिरल्या तेव्हा टोकाला फटाक्यांची माळ वाजत होती. विठाबाईचं दार उघडंच होतं. आत गोणपाटावर लाल मिरच्यांचा ढीग होता आणि विठाबाई देठं खुडत बसली होती. चटणी करून विकायची, त्यावरच तिचं चालायचं.

"या की जजबाई," ती म्हणाली. "पोरांनी म्याच मारली वाटतं. मघाधरनं उडवाय लागल्यात."

मॅच नव्हती, हे अनुजाताईंना ठाऊक होतं. दुपारी सरकारी वकिलांचा फोन आला होता. विठाबाईला कुणी कळवलं का, असं अनुजाताईंनी विचारलं तेव्हा वकिलांनी दुसराच विषय काढला. मग त्या स्वतःच रिक्षा करून निघाल्या.

विठाबाईचा मुलगा पिराजी पोलीस कोठडीत मेला होता. चोरीच्या संशयावरून उचललेला, परत आला तो पांढऱ्या कापडात. अनुजाताई तेव्हा सेशन्स कोर्टात होत्या. हवालदार बाळासोला त्यांनी जन्मठेप दिली आणि त्या एका निकालानं त्यांचं नाव झालं. निवृत्त झाल्यावर मानवी हक्कांच्या कामात लोक त्यांच्या मागं आले, तेही त्यामुळंच. लॉ कॉलेजातली मुलं तो निकाल वाचायची. भाषणात त्या पिराजीचं नाव घ्यायच्या आणि सभागृह शांत व्हायचं.

अनुजाताई स्टुलावर टेकल्या. "विठाबाई, अपिलाचा निकाल लागला."

"मग?" विठाबाईचे हात चालूच होते.

"बाळासोला सोडलं. निर्दोष म्हणून."

हात थांबले. बाहेर आणखी एक माळ लागली. ती कसली, हे विठाबाईला आता कळलं असावं. ती दाराकडं बघत राहिली.

"मग माझं पोरगं मेलं कशानं?"

"पुरावा पुरेसा नाही म्हणतात. संशयाचा फायदा..." अनुजाताईंनी वाक्य तिथंच सोडलं. आयुष्यभर निकालांत लिहिलेले शब्द होते ते. इथं त्यांच्या तोंडून पुढं निघेनात.

"म्हंजी तुमचा निकाल खोटा हुता व्हय?"

विठाबाईच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाही. खरा होता."

"मग खरं हुतं ते खोटं कसं झालं?"

"आणखी वर जाता येईल," अनुजाताई म्हणाल्या. "दिल्लीला. वकील मी बघते."

"मी असंन का तवर?"

विठाबाईनं एक मिरची उचलली आणि तशीच परत ठेवली. "अपील करून जामिनावर सुटल्याधरनं त्यो ह्याच बोळातनं ये-जा करायचा. माझ्या दाराम्होरं आला की मान खाली घालायचा. तेवढं बास हुतं मला."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हात तिखटाचे होते, म्हणून तिनं ते पुसलं नाही. अनुजाताईंनी पर्समधून रुमाल काढला, पण तिच्या तोंडाकडं हात नेववेना. रुमाल मुठीतच राहिला.

हलगीचा आवाज बोळात शिरला. पाठोपाठ शिट्ट्या आणि बाळासोच्या नावाचा गजर. समोरच्या भिंतीवर गुलालाचा फवारा बसला. अनुजाताई झटकन उठल्या आणि त्यांनी दाराची कडी धरली.

"ऱ्हाऊ द्या उघडंच," मागून विठाबाई म्हणाली. "दार लावलं तर लोकास्नी वाटंल, आपणच कायतरी केलंय."

अनुजाताईंनी कडी सोडली.

हलगी दारापर्यंत आली, आणि पुढं न जाता तिथंच वाजत राहिली.